खवडे पोरांच्या डोक्यात, कलंक महानगराच्या माथी

पोराच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा पडतो. तिथले केस मुळाशी तुटतात, करडे पापुद्रे निघतात, रात्रंदिवस खाज सुटते. हा रोग बरा करणारी गोळी १९५८ पासून जगाला ठाऊक आहे. ती महागडी नाही, परदेशातून मागवावी लागत नाही, आणि सहा-आठ आठवडे नेमाने दिली तर केस बहुधा पूर्वीसारखे उगवतात. असे असताना अंधेरीच्या मरोळ-साकीनाक्यात, घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवर, मुलुंडच्या डोंगरउतारावर आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला टेकलेल्या पाड्यांत पोरे महिनोन्‌महिने हाच चट्टा टोपीखाली नाहीतर ओढणीखाली दडवत हिंडतात, हे कोणत्या शतकाचे लक्षण? ज्या मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता, तिच्या हद्दीतल्या मुलाला डोक्यातले खवडे दाखवायला जागा मिळू नये? याला निव्वळ रोगराई म्हणून हात झटकायला आम्ही तयार नाही. जंतूंना बुद्धी नसते. ज्यांना आहे, त्यांनी ती वापरली नाही म्हणून हा रोग टिकून आहे. आजचा आमचा आरोप त्यांच्यावर आहे.

आधी रोग ओळखू या, कारण अर्धा अनर्थ न ओळखण्यानेच होतो. अंगावर उठतो तो गजकर्ण, नायटा आपल्या घरोघर परिचित आहे. तीच बुरशी डोक्याच्या केसांत शिरली की तिचे वागणे बदलते. तिचा मुख्य बळी म्हणजे तीन ते तेरा-चौदा वर्षांचे मूल. वयात आल्यावर डोक्याच्या त्वचेतला तेलकटपणा बदलतो आणि बुरशीला तिथे सहसा थारा मिळत नाही, म्हणून मोठ्यांत हा रोग क्वचित दिसतो. कधी गोल टक्कल पडते. कधी केस त्वचेच्या पातळीवर तुटून काळे ठिपके तेवढे उरतात. कधी मात्र टक्कल नसतेच, नुसते पापुद्रे असतात. आणि इथेच आई फसते, शिक्षक फसतात, पुष्कळदा डॉक्टरही फसतात. ‘कोंडा झालाय’ म्हणून शाम्पूची पुडी आणली जाते. प्रत्येक घराने भिंतीवर लिहून ठेवावे असे एक वाक्य आम्ही सांगतो: शाळकरी मुलाच्या डोक्यात पापुद्रे दिसले, तर बुरशी नाही हे तपासून सिद्ध होईपर्यंत ती बुरशीच समजावी. तान्ह्या बाळाच्या टाळूवरची खपली वेगळी आणि वयात येताना सुरू होणारा कोंडाही वेगळा.

चाईसुद्धा वेगळी. चाई पडते तिथली त्वचा गुळगुळीत असते. खाज नाही, पापुद्रा नाही, आणि ती कोणाची कोणाला लागत नाही. सोरायसिसच्या जाड, चंदेरी खपल्याही संसर्गाने पसरत नाहीत. तरी या रोगांच्या माणसांना सलूनमधून आणि लग्नाच्या बैठकीतून उठवले जाते, आणि ज्या मुलाला खरोखर औषध हवे त्याला तेल चोपडून शाळेत धाडले जाते. जो संसर्ग नाही त्याची भीती आणि जो संसर्ग आहे त्याकडे डोळेझाक, हा आमच्या समाजाचा उफराटा न्याय आहे.

या बुरशीचे एक उग्र रूप प्रत्येक दवाखान्याला ठाऊक असायला हवे. चट्टा सुजतो, दाबला तर मऊ लागतो, त्यातून पू येतो, मानेमागे गाठी येतात, कधी तापही भरतो. पोर डोके उशीला टेकू देत नाही. गळू समजून यावर चिरा दिला जातो आणि तीच घोडचूक होते. तो पू म्हणजे बुरशीविरुद्ध शरीराने पेटवलेले भांडण असते. त्याला हवी असते बुरशीवरची गोळी. सुरी चालते, गोळी लांबते, केसांची मुळे मरतात आणि त्या जागी जन्मभराचे टक्कल राहते. पुढे लग्नाच्या वयात त्या मुलीला तो वण लपवावा लागतो, तेव्हा चिरा देणारा हात कोणाच्या आठवणीतही नसतो.

ओळख पटवण्याची रीत इतकी साधी आहे की ती न वापरण्याला सबब उरत नाही. चट्ट्यावरचे चार तुटके केस चिमट्याने ओढावेत, थोडा पापुद्रा खरवडावा, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकावा आणि थोडा वेळ थांबून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे. आपल्याकडे सर्वाधिक आढळणारी ट्रायकोफायटन व्हायोलेशियम ही बुरशी केसाच्या आत घुसते. काचेखाली तो केस गोट्यांनी ठासून भरलेल्या पिशवीसारखा दिसतो. एकदा पाहिलेला तंत्रज्ञ तो विसरत नाही. मलेरियाच्या तपासणीसाठी जो सूक्ष्मदर्शक पालिकेच्या पुष्कळ दवाखान्यांत आहे, तोच इथे पुरतो. उणीव आहे ती थेंबभर रसायनाची आणि मूठभर इच्छाशक्तीची.

बुरशी केसाच्या आत असते म्हणूनच वरून चोपडलेले मलम तिच्यापर्यंत पोचत नाही. उपचार पोटातूनच करावा लागतो. ग्रिसिओफुल्विन सहा ते आठ आठवडे, तेही दूध-तुपाच्या जेवणासोबत, म्हणजे ते नीट शोषले जाते. नाहीतर टर्बिनाफिन, बहुधा चार आठवडे. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवावी. सोबत आठवड्यातून दोनदा कीटोकोनॅझोलचा शाम्पू, म्हणजे बुरशीचे बीज इतरांच्या डोक्यात पसरणे कमी होते. घरातल्या भावंडांची डोकी त्याच दिवशी तपासावीत. कंगवा, टोपी, टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा. मुंडनाची गरज नाही. उपचार सुरू झाल्यावर मुलाला शाळेतून काढण्याचीही गरज नाही. खाज थांबली म्हणून पंधराव्या दिवशी गोळी बंद केली तर रोग परततो; म्हणून ठरलेला कोर्स पुरा करायचा म्हणजे पुराच करायचा.

या ज्ञानासाठी जगाने काय मोजले तेही सांगू. गोळी सापडण्याआधी विसाव्या शतकाच्या आरंभापासून मुलांच्या डोक्यावर क्ष-किरण सोडून केस गळवले जात. इस्रायलमध्ये १९४८ ते १९६० या काळात उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून आलेल्या स्थलांतरितांच्या हजारो पोरांवर हा प्रयोग झाला. पुढे त्यांच्यापैकी अनेकांना मेंदूच्या गाठी आणि थायरॉइडचे कर्करोग झाले, आणि १९९४ मध्ये तिथल्या संसदेला भरपाईचा कायदा करावा लागला. गरिबाच्या पोराच्या डोक्याची किंमत कमी लेखली की काय होते, त्याचा हा दाखला. आपल्या हातात निर्धोक गोळी आली आहे आणि आपण ती पोचवत नाही. या अपराधाला कोणते नाव द्यावे?

आता आरोपी. पहिला आरोपी कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे. ‘भैया, दाद-खाज की ट्यूब देना’ एवढे म्हटले की नाव न विचारता, जागा न पाहता एक ट्यूब पुढे सरकते. तिच्यात बुरशीचे औषध असते, जंतूंचे असते, आणि त्या दोघांच्या आड क्लोबेटासोलसारखे जहाल स्टेरॉइड असते. स्टेरॉइड दोन दिवसांत खाज थांबवते, लाली उतरवते आणि बुरशीला मोकळे रान देते. रोगाचा चेहरा असा बदलतो की पुढे तज्ज्ञालाही तो चटकन ओळखू येत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइडे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. त्याच वर्षी ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली. कायदा झाला, पण काउंटरवर काय बदलले? औषधदुकानांवर देखरेख ठेवणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, याच उपनगरांच्या उंबरठ्यावर आहे. तिथून घाटकोपर किती लांब आहे? निरीक्षकाने साध्या वेशात रांगेत उभे राहून एक ट्यूब मागून पाहावी. पुराव्यासाठी दुसरे काही करावे लागणार नाही.

या बेबंद विक्रीचे फळ सारा देश भोगतो आहे. टर्बिनाफिनला न जुमानणारी नवी बुरशी फोफावली, आणि २०२० मध्ये तिला मिळालेल्या शास्त्रीय नावात आपल्या देशाचे नाव कोरले गेले: ट्रायकोफायटन इंडोटिनी. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये आढळल्याची नोंद अमेरिकेच्या आरोग्ययंत्रणेने केली. ही बुरशी मुख्यतः अंगावर आणि जांघेत वाढते, डोक्यात क्वचित. तरी इशारा स्पष्ट आहे. आज ज्या गोळीने पोराचे डोके बरे होते, ती गोळी उद्या बोथट झाली तर आपण त्याला काय देणार आहोत?

दुसरा आरोपी म्हणजे शाळा आणि तिच्यावरचे सरकार. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाला, विरारच्या पुढे, लोकलच्याच वाटेवर. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलाची वर्षातून एकदा, अंगणवाडीतल्या बालकाची दोनदा तपासणी करायची असे त्यात ठरले. शोधायच्या तीस आजारांच्या यादीत खरूज, बुरशीचा संसर्ग आणि इसब स्पष्ट शब्दांत लिहिले आहेत. म्हणजे नवा कायदा नको, नवी समिती नको. कागदावर सारे आहे. मग पथक शाळेत येते तेव्हा वजन, उंची आणि दात पाहून का परतते? वेणी सोडून, केस बाजूला सारून, उजेडात डोके पाहायला एका मुलामागे मिनिटभर लागते. त्या मिनिटाची कंजुषी एखाद्या मुलाला जन्मभराच्या वणाने फेडावी लागते.

आणि शिक्षकांनो, तुमच्याशी आम्ही कठोरपणे बोलणार आहोत, कारण तुमच्यावर आमचा भरवसा आहे. खवडे झालेल्या मुलाला शेवटच्या बाकावर एकटे बसवणे, वर्गासमोर ‘आंघोळ करत नाहीस का’ म्हणून विचारणे, हे शिक्षण नव्हे, ही निर्भर्त्सना आहे. बुरशी कंगव्यातून येते, टोपीतून येते, आजारी मांजरा-कुत्र्याला कुरवाळल्यानेही येते. ज्यांच्यावरून मुलांना असेच हिणवले जाते त्या उवा तर स्वच्छ धुतलेल्या डोक्यातही तितक्याच सुखाने राहतात. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोके लागले की ती पलीकडे जाते. दोन मैत्रिणी एका मोबाइलवर वाकून बसल्या एवढे निमित्त तिला पुरते. मुलीच्या डोक्यात उवा निघाल्या म्हणजे तिच्या आईचे घर घाणेरडे ठरत नाही.

उवांचे औषधही हाताशी आहे. एक टक्का परमेथ्रिनचे लोशन धुतलेल्या, पुसलेल्या केसांना दहा मिनिटे लावायचे, धुवायचे. लिखांतून नव्या उवा फुटायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून त्या सुमारास पुन्हा एकदा लावायचे. मधल्या काळात ओल्या केसांतून बारीक दातांची फणी रोज फिरवायची. एवढे सोपे असताना आजही लेकराच्या डोक्यावर रॉकेल ओतले जाते, झुरळे मारायचा खडू चोळला जातो, कच्चा लसूण घासून कातडी भाजली जाते. रॉकेलच्या डोक्याने पोर स्टोव्हजवळ गेले तर काय होईल, हे कोणी सांगायला हवे? खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरले की पिवळ्या, चिकट खपल्या धरतात, केसतोड होतात. त्याला प्रतिजैविक लागते, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने. अशा जखमांनंतर काही आठवड्यांत मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला, लघवी लालसर झाली, तर क्षणभरही थांबू नका. स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या त्वचारोगामागून मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. डोक्यातल्या ‘साध्या’ फोडाचे धागे असे आतपर्यंत जातात.

उवा-खवड्यांवर समाजाने शोधलेला सर्वांत सोपा आणि सर्वांत क्रूर उपाय म्हणजे मुलीच्या डोक्यावर वस्तरा. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे पत्र काढले, त्या काळात विधवेच्या केशवपनाविरुद्ध महाराष्ट्रात रण माजले होते. १८९० मध्ये कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईचे नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निर्धार त्यांनी केला. पोटावर पाय येत असताना घेतलेला तो निर्धार या शहराच्या इतिहासातली सोन्याची ओळ आहे. एवढे झाल्यावर आज दहा वर्षांच्या मुलीला केवळ उवांसाठी, खवड्यांसाठी सक्तीने बोडके करून वर्गात पाठवायचे? औषध असताना मुंडन हा उपचार नव्हे, शिक्षाच आहे.

त्याच नाभिक बांधवांना आमची हात जोडून विनंती आहे. तुमच्याइतकी डोकी या शहरात कोणी जवळून पाहत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते, वापरलेले पाते समोर मोडून टाकणे, ट्रिमरची पाती दर डोक्यामागे ब्रशने झाडून जंतुनाशकाने पुसणे, धुतलेला टॉवेल, एवढे पाळले तर बुरशीच काय, रक्तातून पसरणारी कावीळही अडते. मुलाच्या डोक्यात चट्टा दिसला तर आईला बाजूला घेऊन सांगा, ‘ताई, हे मलमाने जाणार नाही, दवाखान्यात दाखवा.’ तुमचे हे एक वाक्य शंभर भित्तिपत्रकांचे काम करील. आणि पालिकेने सलूनच्या परवान्यासोबत हे प्रशिक्षण मोफत दिलेच पाहिजे.

अज्ञानाच्या पाठोपाठ अंधश्रद्धा येते. केसांची निगा थांबली, गुंता वाढला, त्यात मळ आणि उवा साठल्या की जट होते. ती देवीची खूण मानून मुली-बायकांना जन्मभर ते ओझे वाहायला लावले जाते, काहींना देवाला सोडले जाते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी समजूत घालून, हाताने कात्री चालवून शेकडो स्त्रियांना जटेतून सोडवले आहे. ज्या समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या, तिचे हे काम आहे. जिथे दवाखाना पोचत नाही तिथे अंगारा पोचतो. म्हणून दवाखाना आधी पोचवा.

तपासणीविना घबराट कशी माजते, हे महाराष्ट्राने २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या आरंभी पाहिले. बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस मूठमूठ हातात येऊ लागले. कोणी ‘टक्कल व्हायरस’ म्हणाले, आरंभी बुरशीचाही संशय घेतला गेला, पाण्याकडे बोट गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. महाडचे वैद्यकीय संशोधक डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी आणि केसांचे नमुने तपासून वाढलेल्या सेलेनियमकडे आणि रेशनच्या गव्हाकडे लक्ष वेधले. नमुना घेतला तेव्हा चर्चेला दिशा मिळाली. त्याआधी होता तो तर्क आणि बाजूच्या गावांचा बहिष्कारी दृष्टिकोन. उपनगरातल्या एकेका पोराचा चट्टा बातमी होत नाही, पण नमुना पाहून बोलण्याचा नियम त्यालाही लागू आहे.

आणि पाणी? डोके धुवा म्हणून उपदेश करणाऱ्यांनी आधी नळाला पाणी आहे का ते पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती. अनधिकृत वस्तीतल्या माणसालाही पाण्याचा हक्क आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर बजावले. टेकडीवर हंडे चढवणाऱ्या बाईला शाम्पूची जाहिरात दाखवून आरोग्य येत नाही.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात आणि ‘आपला दवाखाना’त बुरशीची तपासणी सुरू करा, जिथे सूक्ष्मदर्शक नाही तिथून नमुना कूपर, राजावाडी, भगवती यांपैकी जवळच्या रुग्णालयात जाऊन त्याच आठवड्यात अहवाल परत यावा. ग्रिसिओफुल्विन, टर्बिनाफिन आणि परमेथ्रिन मोफत आणि अखंड मिळावे. ‘स्टॉक नाही, बाहेरून घ्या’ हे शब्द बंद व्हावेत. मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहणाऱ्या आयांसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी त्वचेचा बाह्यरुग्ण विभाग चालू ठेवा. घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना हा रोग ओळखायला शिकवा आणि त्या श्रमाचा मोबदला द्या. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडची ट्यूब विकणाऱ्या दुकानाचा परवाना निलंबित करा आणि ती कारवाई जाहीर करा.

आईबापांनो, तुमच्याकडेही मागणे आहे. रविवारी पोराला उजेडात बसवा आणि डोके नीट पाहा. पापुद्रा, चट्टा, गाठ, लिखा, काही दिसले तर झाकू नका, दुसऱ्याच दिवशी दाखवा. लाज वाटायची असेल तर ती ट्यूब विकणाऱ्याला वाटू द्या, औषध न पुरवणाऱ्याला वाटू द्या.

जूनमध्ये शाळा उघडतील. पहिल्या पंधरवड्यात उपनगरांतल्या प्रत्येक पालिका शाळेतले प्रत्येक डोके तपासले गेले पाहिजे, आणि किती मुले आजारी निघाली, किती बरी झाली, याचे आकडे प्रत्येक वॉर्डाने दिवाळीआधी जाहीर केले पाहिजेत. जो वॉर्ड आकडे देणार नाही, त्याच्या अधिकाऱ्याला आणि नगरसेवकाला पालकांनी वॉर्ड ऑफिसात जाऊन जाब विचारावा, आणि उत्तर लेखी घेतल्याशिवाय तिथून हलू नये!